मयताच्या नावचा भाग, बाईच्या हातची धार : जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्था, विकास सेवा संस्था, पाणीपुरवठा संस्था आणि साखर कारखाने यांचे अध्यक्ष, संचालक, सचिव आणि सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभांचे दिवस जवळ आलेत. अहवाल छापायला जातील, नोटिसा फलकावर लागतील, विषयपत्रिका ठरतील. एकदा का ती छापून झाली की 'ऐनवेळच्या विषयात घेऊ' एवढंच ऐकायला मिळतं, आणि ऐनवेळचे विषय येईपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो. म्हणून आत्ताच लिहिते. मागणी अशी आहे की, जे सभासद वारले आहेत त्यांच्या नावावरचे भाग, म्हणजे शेअर, वारसांच्या नावावर करा, आणि ते करताना त्या घरातल्या बाईला वगळू नका.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. सभासदांची नोंदवही, म्हणजे आपलं 'आय' रजिस्टर, रोज माझ्या हाताखाली असतं. जुन्या पानांवर अंगठे आहेत, शाईच्या सह्या आहेत, दहा-दहा रुपयांच्या भागांच्या नोंदी आहेत. त्या नावांपैकी किती माणसं आज गावात आहेत आणि किती मसणवट्यात गेली हे गावातल्या कुणालाही तोंडपाठ सांगता येईल. रजिस्टरला तेवढं माहीत नाही. तिथं ती सगळी जिवंत आहेत.

सकाळी माप सुरू झालं की रांगेत बहुतेक बायकाच असतात. एक वहिनी रोज किटली घेऊन येतात. म्हशीचं दूध, फॅट चांगली लागते. मी खाते नंबर दाबते, मशीन आवाज करतं, पावती बाहेर येते. त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम आणि वर त्यांच्या सासऱ्यांचं नाव. सासरे वारले तेव्हा वहिनींचा थोरला मुलगा अंगणवाडीत होता, आता तो कॉलेजला आहे. मधल्या काळात नवराही गेला. गोठा, वैरण, शेणघाण, धार, डॉक्टरला बोलावणं, पशुखाद्याची पोती उतरवून घेणं, सगळं त्या एकट्या बघतात. दहा दिवसांचं बिल निघतं सासऱ्यांच्या नावावर. दिवाळीचा फरक, म्हणजे घातलेल्या दुधावर मागाहून मिळणारी वाढीव रक्कम, तीही त्यांच्याच नावावर. पैसे वहिनींच्या हातात पडतात, कारण आम्ही सगळे त्यांना ओळखतो. पण उद्या मी बदलले, संचालक बदलले, घरात दीर-जावेशी वाद झाला, तर त्या कुठल्या कागदावर बोट ठेवून म्हणणार की हे दूध माझं आहे?

मी त्यांना अर्ज करायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फरक तर मिळतोय की. नाव कशाला बदलायचं?" हेच वाक्य कारखान्याच्या सभासदांच्या घरी साखरेबद्दल ऐकू येतं. कारखाना सभासदांना सवलतीत देतो त्या साखरेचं कार्ड आजोबांच्या नावाचं, साखर नातू उचलून आणतो, सण गोड होतो. मग कशाला हेलपाटे?

त्यांना, आणि तुम्हालाही, मला याचं उत्तर द्यायचं आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 27 बघा. सभासदाला एक मत, मग त्याचा भाग एक असो की शंभर. कंपनीत असं नसतं. तिथं जितके शेअर तितकी मतं, आणि ज्याच्याकडे ढीग त्याचा शब्द. आपल्या आजोबा-पणजोबांनी कंपनी काढली नाही, संस्था काढली, ती या एका फरकासाठी. दोन म्हशीवाला आणि वीस म्हशीवाला सभेत सारखाच मोजला जावा म्हणून. पण त्याच कलमात असंही आहे की मत स्वतः हजर राहून द्यायचं, दुसऱ्यामार्फत नाही. म्हणजे वारलेल्या सभासदाचं मत संपलं. घरातलं दूध येतंय, ऊस जातोय, पाणीपट्टी भरली जातेय, कर्जाचे हप्ते फिटतायत, आणि त्या घराला संस्थेत मत नाही. दर ठरतो, कपात ठरते, ठेवी परतीच्या की बिनपरतीच्या हे ठरतं, आणि ते घर या सगळ्याच्या बाहेर उभं. कलम 32 प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त, स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट बघता येतात. हा हक्क सभासदाला आहे, 'सभासदाच्या सुनेला' नाही. साखर मिळाली म्हणजे भाग मिळाला असं नाही.

आता लाभांशाकडे बघा. कलम 67 नुसार आपल्या संस्थांना 15 टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. ही मर्यादा घालण्यामागं विचार आहे. सहकारात भाग विकत घेऊन घरी बसणाऱ्याला मोठा परतावा मिळू नये, खरा परतावा संस्थेशी व्यवहार करणाऱ्याला मिळावा. म्हणून दुधाचा फरक भागांवर नाही, घातलेल्या लिटरवर निघतो. उसाचा दर टनावर निघतो. कष्टाच्या प्रमाणात वाटा, हे सहकाराचं मूळ तत्त्व. मग ज्या हातांनी लिटर भरले त्या हातांचं नाव वहीत नसेल, तर आपण तत्त्व पाळतोय असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? सहकाराचा इतिहास सांगताना आपले वक्ते इंग्लंडमधल्या रॉचडेलचं नाव घेतात. 1844 साली विणकर आणि इतर कारागिरांनी, 28 जणांनी मिळून काढलेलं दुकान. विणकरांच्या इचलकरंजीला तर ती गोष्ट जवळची वाटावी. त्या दुकानात पहिल्या काही वर्षांतच बायकांना स्वतःच्या नावानं सभासद होता येत होतं. इंग्लंडच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईची मिळकत तिची स्वतःची मानली ती 1882 मध्ये. म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी सहकार पुढं गेला होता. आपल्याकडे उलट झालंय. कायदा पुढं गेला, संस्था मागं राहिल्या.

कायदा किती पुढं गेलाय तेही सांगते, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत 'कायद्यात बसत नाही' हे वाक्य फार सहज येतं. कलम 30 म्हणतं की सभासद वारला तर त्यानं ज्याचं नामनिर्देशन केलं असेल त्याच्या नावावर भाग करायचा, आणि नामनिर्देशन नसेल तर वारसाच्या नावावर. हिंदू वारसा कायद्यात 1956 पासून मयत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, सारख्या वाट्याचे. आईसुद्धा. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये अविवाहित मुलींपुरता दिला, आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. मुस्लिम कुटुंबांना वेगळा कायदा लागू होतो, पण तिथंही विधवेचा आणि मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. विधवेला काहीच नाही असं सांगणारा कायदा मला तरी कुठं सापडला नाही. असं सांगणारे कारकून मात्र सापडले.

माझे वडील गेल्यावर आई एका संस्थेत वारस नोंदीसाठी गेली होती. मी बरोबर होते. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मुलगा कुठाय?" आई म्हणाली, "मी बायको आहे त्यांची." तो म्हणाला, "ते बरोबर आहे, पण मुलाला पाठवा." पुढं भावाच्या नावानं अर्ज झाला, आईची आणि आम्हा बहिणींची संमतीपत्रावर सही घेतली गेली. 'ना हरकत' एवढाच शब्द आमच्या वाट्याला आला. भावाबद्दल माझी काही तक्रार नाही, तो आईला जपतो. पण आईला तुमचं नाव लावायचं आहे का, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि आईलाही ते मागावंसं वाटलं नाही. ती घरी येऊन चुलीपुढं बसली. याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

'बाईचं नाव लावलं की घर फुटतं' असं मला अनेक संचालकांनी प्रेमानं समजावलंय. मी उलट अनुभव सांगते. घर फुटतं ते नाव न लावल्यानं. मयताच्या नावावर भाग पडून राहतो, दोन भाऊ वेगळे होतात, तिसऱ्या पिढीत वारसांची संख्या वीस होते, आणि मग एका भागासाठी वीस संमतीपत्रं गोळा करायची वेळ येते. त्यातला एक पुण्याला, एक सुरतेला, एकीचा नवरा सही करू देत नाही. वेळेत नोंद केली असती तर हे तंटे निम्मे झाले असते.

दुसरी अडचण खरी आहे, तिला बगल देणार नाही. कारखान्याच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे, ऊस उत्पादकच सभासद होऊ शकतो. लेक लग्न होऊन चिपळूणला गेली, तिचा ऊस इथं कुठून येणार? पाणीपुरवठा संस्थेत भाग जमिनीच्या क्षेत्राशी बांधलेला, विकास संस्थेत कर्जाशी. मान्य. अशा वेळी भाग जो कसतो त्याच्या नावावर जावा, पण लेकीचा हक्क आधी कबूल करून, तिच्याशी बोलून, तिचं जे काही ठरेल ते लिहून. भाऊबीजेच्या ओवाळणीत गुंडाळून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत आता बंद करूया. आणि ही अडचण लेकीची आहे, सुनेची नाही. सून इथंच आहे. तिच्या बाबतीत उपविधी कुठं आडवा येतो?

त्यावर कायद्यानंच एक सोपी वाट ठेवलीय, तिचा वापर आपल्याकडे फार कमी होतो. भाग संयुक्त नावानं घेता येतो. भाग दाखल्यावर पहिलं नाव असलेला हजर असेल तर तो मत देतो, तो नसेल तर दुसऱ्या नावाचा सभासद देतो. नवरा-बायकोच्या नावानं भाग असेल तर एक गेल्यावर दुसऱ्याचं नाव दाखल्यावर आधीच असतं, अनोळखी म्हणून खिडकीपुढं उभं राहावं लागत नाही. आणि पहिलं नाव बाईचंही असू शकतं, तसं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. दूध संस्थेत तर याहून सरळ मार्ग आहे. जी बाई दूध घालते तिनं स्वतःचा नवीन भाग घ्यावा. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेनं तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं कायदा मानतो, आणि नाकारलं तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे दाद मागता येते. सचिव म्हणून मला हे सांगताना संकोच वाटायला हवा, कारण उद्या माझ्याच टेबलावर अर्जांची चळत पडेल. पडू दे.

नामनिर्देशनाचंही बघा. जुन्या सभासदांनी फॉर्म भरताना आईचं किंवा भावाचं नाव घातलं, पुढं लग्न झालं, मुलं झाली, फॉर्म तसाच राहिला. संस्था भाग नामनिर्देशिताच्या नावावर करते, ते तिला करावंच लागतं. तेवढ्यानं इतर वारसांचा हक्क बुडत नाही, पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्या तालुक्यातल्या किती बायका ती चढतील?

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ते राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितला. आपल्या जिल्ह्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, आजही वाटतो. आता त्याच्या पुढचं पाऊल टाकायचं आहे. बाईच्या कपाळावरचं कुंकू आपण राखलं, तिचं वहीतलं नाव अजून राखलेलं नाही. जे गाव कपाळाचा ठराव करू शकतं, त्या गावच्या दूध संस्थेला भागाचा ठराव करणं जड जाऊ नये.

शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. 1917 मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. ज्यांना वाटा नव्हता त्यांना वाटा द्यायचा तर तो हुकमात लिहून द्यायचा, हे त्यांना कळलं होतं. आपल्या प्रत्येक सभागृहात त्यांची तसबीर आहे. तिला हार घालून सभेला सुरुवात होते.

शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी कोर्टात गेलं नव्हतं. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरणारीच ही माणसं होती. जे सातबाऱ्यावर होऊ शकलं ते दहा रुपयांच्या भागावर व्हायला काय हरकत आहे?

संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागांवर बहुतेक ठिकाणी कोण बसतं, बैठकीला कोण येतं आणि सही कुठं होते, हे आपण सगळे जाणतो. मी त्या भगिनींना दोष देत नाही. मुळात सभासद यादीत बायकाच मूठभर असतील तर निवडून कोण येणार, आणि आल्यावर त्यांच्या मागं कोण उभं राहणार? खालची यादी भरा, वरच्या जागांना आपोआप अर्थ येईल.

आणि हे लिहिताना कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ऊस पोचवणाऱ्या बाईला विसरून चालणार नाही. दर हंगामात टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावानं लिहिली जाते, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी बाई कुठल्याच कागदावर नसते. तिच्या नावाला तर आपल्या वहीत रकानाच नाही. निदान उचलीच्या करारावर तिचं नाव आणि तिच्या खात्यात तिची अर्धी रक्कम, एवढं कारखाने आणि मुकादम यांनी मिळून याच हंगामापासून सुरू करावं.

आता संचालकांनी काय करावं, तेही सांगते. पैसे फारसे लागत नाहीत. सभेच्या नोटिशीबरोबर मयत सभासदांची यादी फलकावर लावा. गावात कोण वारलं हे ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदीत आहे, शोधायला कुठं जावं लागत नाही. मग एक दिवस ठरवून संस्थेच्या दारातच वारस नोंदीचं काम करा. तलाठी, ग्रामसेवक, मुद्रांकाचं काम बघणारा, सगळ्यांना त्या दिवशी बोलवा. कागदांची यादी एकच आणि सगळ्यांना सारखी ठेवा, खिडकीगणिक बदलणारी नको. अर्जावर विधवा, आई आणि मुली यांचे रकाने मुलाच्या रकान्याच्या बरोबरीनं छापा. ज्यांना संयुक्त भाग करायचा आहे त्यांना त्याच दिवशी फॉर्म द्या. आणि दूध संस्थांनी पावतीवर, बिलावर आणि फरकाच्या यादीत दूध घालणारीचं नाव घ्यावं, पैसे तिच्या खात्यावर जमा करावेत.

मयत सभासदांची नावं यादीतून न काढल्यानं आणखी एक गोष्ट होते, ती सभेला जाणाऱ्या प्रत्येकानं पाहिलीय. नोटिशीतच छापलेलं असतं की गणसंख्येअभावी, म्हणजे लागतील तेवढे सभासद न आल्यानं, सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी होईल, आणि त्या सभेला गणसंख्येची अट राहणार नाही. जिवंत माणसांची संस्था असेल तर सभा भरायला अडचण का यावी? यादीतली माणसं यायची कुठून? मग मंडपात उरतात ते 'मंजूर, मंजूर' म्हणणारे. एका दमात सगळे विषय मंजूर होतात, आणि ज्या बाईच्या दुधावर संस्था उभी आहे ती त्या वेळी घरी वैरण टाकत असते.

भगिनींनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. संस्थेत या आणि विचारा: माझ्या घरच्या भागावर कुणाचं नाव आहे? नामनिर्देशन कुणाचं आहे? भाग दाखला घरात असेल तर ट्रंकेतून काढून बघा. सही कुठल्याही कागदावर करताना तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला लावा. घाईनं सही मागणाऱ्याला 'उद्या करते' म्हणायला काही लागत नाही.

आमच्या संस्थेपुरतं सांगायचं तर, मयत सभासदांची यादी मी तयार केली आहे आणि येत्या बैठकीत अध्यक्षांपुढं ठेवणार आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर 'मयत सभासदांचे भाग वारसांच्या नावे करणे व महिलांना संयुक्त सभासदत्व देणे' हा विषय घ्यावा, अशी लेखी मागणी त्यासोबत देणार आहे. आजूबाजूच्या गावांतल्या सचिवांनी आपापल्या संस्थेसाठी अर्जाचा नमुना मागितला तर तो मी पाठवीन. ज्या वहिनींबद्दल वर लिहिलं त्यांनी अर्ज दिलाय. त्यांच्या मुलानं तो भरला, सही त्यांनी स्वतः केली.

आपली,
एका गाव दूध संस्थेची सचिव
ता. करवीर, जि. कोल्हापूर